सभागृहाच्या खुर्च्या घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंदूरच्या वाचकांकडून या महिन्यात खुर्च्यांबद्दल बरीच पत्रे आली. कोणाच्या मंडळाचे सभागृह नव्याने सजते आहे, कोणी मॅरेज गार्डन चालवतो, कोणाला गणपतीच्या मंडपासाठी खुर्च्या भाड्याने घ्यायच्या आहेत. विचारणा बहुतेक किमतीची, टिकाऊपणाची आणि कापडाच्या रंगाची आहे. उत्तरे देताना आम्ही आगीचा विषय पुढे घेतला आहे. खुर्ची एकदा जमिनीला बोल्टने आवळली की वर्षानुवर्षे हलत नाही. तिच्या फोममध्ये काय आहे आणि दोन रांगांत किती जागा सुटते, हे ठरवायची वेळ ऑर्डर देण्यापूर्वीचीच असते.

प्रश्न : आमच्या सभागृहात १८ च्या २० रांगा, अशा ३६० लोखंडी फोल्डिंग खुर्च्या आहेत. त्या काढून गादीच्या, आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या बसवायच्या आहेत. तीन दरपत्रके आली, तिन्हींवर ‘फायर रिटार्डंट’ (आग रोखणारे) असे लिहिले आहे. एक पुरवठादार म्हणतो, त्याच जागेत २२ रांगा बसवून देतो. कोणाचे ऐकावे?
— एका मंडळाचे कार्यवाह, रामबाग

उत्तर : तुमच्या जुन्या खुर्च्यांत जळण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. नव्या खुर्चीत सीट आणि पाठ मिळून साधारण दोन किलो पॉलियुरेथेन फोम धरा. ३६० खुर्च्यांचा झाला ७२० किलो. एक किलो फोम जळताना सुमारे २५ मेगाज्यूल उष्णता देतो. घरगुती वापराच्या १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरात साधारण ६५० मेगाज्यूल असते. म्हणजे सभागृहात जवळजवळ २८ भरलेली सिलिंडरे रांगेत मांडावीत, एवढे इंधन तुम्ही आत आणत आहात. शिवाय जळत्या फोमचा धूर काळाकुट्ट असतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. माणूस भाजण्याच्या आधी गुदमरतो. म्हणूनच लोखंडी खुर्चीला कधी न विचारलेले प्रश्न या खुर्चीला विचारावे लागतात.

‘फायर रिटार्डंट’ या शब्दांवरून काहीच ठरत नाही. कोणती चाचणी केली, किती मोठ्या ज्योतीवर केली आणि कशावर केली, हे तिघांनाही लेखी विचारा.

आपल्याकडच्या दरपत्रकांवर बहुधा बीएस ५८५२ हे ब्रिटिश मानक दिसते. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरमधल्या एका मोठ्या दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून १० जणांचा जीव गेला. पुढे १९८८ साली ब्रिटनने फर्निचरच्या आगीबद्दल नियम केले, त्यांचा पाया हेच मानक आहे. यात पेटवण्याचे स्रोत चढत्या क्रमाने आहेत. स्रोत ० म्हणजे धुमसती सिगारेट. स्रोत १ म्हणजे काडीएवढी गॅसची ज्योत, २० सेकंद. स्रोत ५ म्हणजे ‘क्रिब ५’, बारीक लाकडी काड्या आडव्या-उभ्या रचून केलेली १७ ग्रॅमची छोटीशी होळी. ती सीट आणि पाठ यांच्या कोपऱ्यात ठेवून पेटवतात. ज्वाला दहा मिनिटांच्या आत आपोआप विझली पाहिजे आणि आत धुमसत राहता कामा नये. त्यापुढचे क्रिब ७ हे १२६ ग्रॅमचे असते. नाट्यगृह, हॉटेल, सभागृह यांसाठी ब्रिटनमध्ये मध्यम धोका धरतात आणि ०, १ व क्रिब ५ या तिन्ही चाचण्या मागतात. तुम्हीही हेच मागा.

फसगत इथेच होते. अहवालाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘बीएस ५८५२ उत्तीर्ण’ असते आणि आतल्या पानावर स्रोत फक्त ० असतो. ती खुर्ची सिगारेटने पेटणार नाही एवढेच त्यातून कळते; जळत्या कागदापुढे ती काय करील ते कळत नाही. दुसरा नेहमीचा कागद एफएमव्हीएसएस ३०२ चा. ती मोटारीच्या आतल्या सामानाची चाचणी आहे आणि त्यात कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपर्यंत जळत गेले तरी चालते. सभागृहासाठी तिचा उपयोग नाही. तिसरा कॅलिफोर्नियाच्या टीबी ११७ चा. त्याची २०१३ ची आवृत्ती धुमसण्याचीच परीक्षा घेते आणि ती घरगुती फर्निचरसाठी आहे.

‘कशावर केली’ हा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. कापडाचा वेगळा अहवाल आणि फोमचा वेगळा अहवाल जोडून दिला तर तो घेऊ नका. कापड एकटे पास होते, फोम एकटा पास होतो, आणि दोन्ही एकत्र आले की नापास होतात. पॉलिस्टरचे कापड ज्योतीपासून वितळून मागे सरते आणि फोम उघडा पडतो. सुती कापड वितळत नाही, पण त्याचा निखारा फोमला चिकटून धुमसत राहतो. म्हणून कापड, मधले अस्तर आणि फोम हे तुमच्या खुर्चीत असतील त्याच क्रमाने एकत्र तपासलेले हवेत. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली असावी आणि त्या मान्यतेत हीच चाचणी समाविष्ट असावी. एनएबीएलच्या संकेतस्थळावर हे पाहता येते. अहवाल कोणाच्या नावावर आहे आणि त्याची तारीख काय, तेही वाचा. दुसऱ्याच कारखान्याच्या नावाचा अहवाल सर्रास फिरतो.

आग रोखण्याचे दोन मार्ग कारखानदार वापरतात. एक, फोममध्येच मेलामाइन किंवा फुगणारा ग्रॅफाइट मिसळणे. ग्रॅफाइटच्या फोममध्ये काळसर ठिपके दिसतात, मात्र नुसता राखाडी रंग दिलेला साधा फोमही बाजारात आहे, तेव्हा रंगावर जाऊ नका. दोन, साध्या फोमवर आग अडवणाऱ्या कापडाचे अस्तर गुंडाळून त्यावर वरचे कापड चढवणे. दोन्ही चालतात. अस्तराच्या खुर्चीत मात्र शिवण आणि खालची घडी बघा. अस्तर चारही बाजूंनी फोमच्या खाली वळवून पिन केलेले हवे. फक्त वरच्या तोंडावर ठेवलेले अस्तर कडेने येणाऱ्या ज्वाळेला अडवत नाही.

ऑर्डरमध्ये पुढील मजकूर जवळजवळ असाच लिहा : “सीट व पाठ यांचे पूर्ण संयोजन (कापड, अस्तर, फोम) बीएस ५८५२ च्या स्रोत ०, १ व क्रिब ५ ला उत्तीर्ण असावे. अहवालातील कापडाचे नाव व वजन आणि फोमची घनता पुरवलेल्या मालाशी जुळावी. यातील कोणताही घटक बदलल्यास नवा अहवाल द्यावा. प्रत्येक खुर्चीच्या खाली कायमचे लेबल असावे. आलेल्या मालातून मंडळ निवडील त्या दोन खुर्च्या कापून तपासण्याचा अधिकार मंडळास राहील व त्या पुरवठादाराने विनामूल्य बदलून द्याव्यात.” शेवटचे वाक्य पाहून जो पुरवठादार कुरकुरेल, त्याच्याकडून माल घेताना दोनदा विचार करा.

माल आल्यावर त्या दोन खुर्च्या खरोखर कापा. फोमचा दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा चौकोनी तुकडा काढा. तो बरोबर एक लिटरचा होतो, म्हणजे ४० घनतेच्या (घनमीटरला ४० किलो) फोमचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ४० ग्रॅम भरायला हवा. सत्तावीस-अठ्ठावीस भरला तर तपासलेला फोम आणि आलेला फोम वेगळे आहेत. दुसरा तुकडा त्याच्याच कापडात गुंडाळून मोकळ्या मैदानात विटांवर ठेवा. वाळूची बादली जवळ असू द्या, वारा पाठीवर घ्या आणि मोठ्या काडीची ज्योत पंधरा सेकंद लावून बाजूला करा. चांगला माल काळवंडतो, कोळसा धरतो आणि विझतो. साधा फोम पिवळ्या ज्वाळेने धावत सुटतो, वितळतो आणि खाली जळते थेंब टाकतो. यातून अहवालाची जागा भरून निघत नाही, पण ट्रक रिकामा होण्याआधी मोठी फसवणूक उघडी पडते.

खुर्ची उलटी करूनही बघा. अनेक खुर्च्यांच्या बुडाला काळे, पातळ नॉनवोव्हन कापड ठोकलेले असते. ते पॉलिप्रोपिलीनचे असते आणि झटकन पेटते. खाली पडलेला कागद पेटला तर ज्वाळा त्या बुडातूनच आत शिरते. सीटचे बूड आणि पाठीची मागची बाजू लोखंडी पत्र्याची किंवा प्लायची असू द्या. १९८५ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात लाकडी प्रेक्षागृह जळून ५६ जण गेले, तिथे आसनांखालच्या फटीतून वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याला आग लागली होती. खुर्चीखाली झाडू सहज फिरतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच आगीचाही आहे. एका मधल्या पायावर उभी असलेली खुर्ची चार पायांच्या खुर्चीपेक्षा त्या बाबतीत बरी.

आता २२ रांगांबद्दल. तुमच्या २० रांगा ९० सेंटिमीटरच्या अंतराने असतील तर त्यांना १८ मीटर लागतात. त्याच १८ मीटरमध्ये २२ रांगा बसवल्या की पाठीपासून पाठीचे अंतर ८२ सेंटिमीटरवर येते. सभागृहांच्या भारतीय मानकात ते किमान ८५ असावे असे आहे. २१ रांगा बसवल्या तर ८५.७ होते, म्हणजे ३७८ खुर्च्या ही तुमची शेवटची मर्यादा. आम्हाला विचाराल तर २० च राहू द्या. कारण हिशेब अंतराचा नसून उरलेल्या वाटेचा आहे. मिटलेली खुर्ची ५० सेंटिमीटर खोल धरली तर ९० च्या रांगेत ४० ची वाट उरते, ८२ च्या रांगेत ३२ ची. ही वाट ३० च्या खाली कधीही जाऊ नये. आणि मिटण्याची स्प्रिंग ढिली होऊन सीट खालीच राहिली, उघड्या खुर्चीची खोली ६८ धरली, तर ८२ च्या रांगेत उरतात १४ सेंटिमीटर. अंधारात आणि धुरात तेवढ्यातून माणूस आडवा होऊन निघू शकत नाही. म्हणून स्प्रिंगपेक्षा वजनाने मिटणारी खुर्ची मिळाली तर ती घ्या. स्प्रिंगचीच घेतली तर सीट खाली दाबून सोडल्यावर ती पूर्ण उभी राहते का हे दर सहा महिन्यांनी रांगेने तपासा.

एका ओळीत दोन्ही बाजूंना वाट असेल तर १४ पेक्षा जास्त खुर्च्या नकोत, एकाच बाजूला वाट असेल तर ७ पेक्षा जास्त नकोत. तुमच्या १८ च्या रांगेत मधली वाट आणि दोन्ही भिंतींकडेही वाटा असतील तर नऊ-नऊचे दोन गट होतात, ते उत्तम. भिंतीकडच्या वाटा बंद करून तिथे खुर्च्या वाढवण्याची सूचना कोणी केली तर ती मोडून काढा, कारण नऊची रांग मग एकाच बाजूने उघडी राहते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण दगावले. आग तळाच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसे गेली ती बाल्कनीत, धुराने. त्या बाल्कनीत जादा खुर्च्या घालून वाट अरुंद केली होती आणि एका बाजूचे दार वेगळ्या केलेल्या खास आसनांच्या कक्षामुळे (बॉक्समुळे) बंद झाले होते.

एवढ्या मोठ्या सभागृहात खुर्च्या जमिनीला घट्ट बसवाव्यात. अँकर बोल्ट काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे. नुसत्या फरशीत आणि खालच्या भरावात धरलेला बोल्ट गर्दीच्या रेट्यात उपटतो. सपाट वाटेने बाहेर पडण्यासाठी राष्ट्रीय इमारत संहिता माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी धरते, म्हणजे ३६० जणांना २.३४ मीटर लागतात, आणि सभागृहाच्या दाराची रुंदी किमान २ मीटर हवी. असे दोन दरवाजे एकमेकांपासून दूर, बाहेर उघडणारे आणि कार्यक्रम चालू असताना कडी-कुलूप नसलेले असावेत. तुमची फायर एनओसी ज्या नकाशावर मिळाली आहे त्यात खुर्च्यांची जुनी मांडणी असेल, तर नवी मांडणी ऑर्डरच्या आधी दाखवून घ्या.

प्रश्न : रेक्झिन चांगले की कापड? रेक्झिन पुसता येते, म्हणून आमचा कल तिकडे आहे.
— कोचिंग क्लासचे संचालक, भंवरकुआँ

उत्तर : पुसता येते हे खरे आहे, आणि वर पडलेल्या सिगारेटला रेक्झिन कापडापेक्षा बऱ्यापैकी तोंड देते. ज्योतीपुढे मात्र त्यातले पीव्हीसी आक्रसते, फाटते आणि फोम उघडा पाडते. त्याच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, ती डोळे आणि घसा जाळते. डब्लिनच्या स्टारडस्ट नाइटक्लबमध्ये १९८१ साली ४८ तरुण-तरुणी गेल्या, तिथली आसने पीव्हीसीने मढवलेल्या फोमचीच होती. रेक्झिन घ्यायचेच तर क्रिब ५ ला पास झालेल्या फोमवर घ्या आणि ब्लेडने कापलेली सीट लगेच बदला. वर्गात ब्लेडचे कापे पडतातच, आणि त्या कापातून फोमचा भुगा बाहेर येतो तो काडीलाही पेटतो.

खरे तर वर्गाला फोम लागतोच कशाला? दीड-दोन तासांच्या तासाला घडवलेल्या प्लायची किंवा पत्र्याची सीट पुरते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आणि एकाच जिन्याच्या इमारतीत वर्ग असेल तर आम्ही फोम नकोच म्हणू.

प्रश्न : आमचे मॅरेज गार्डन आहे. बाहेर लॉन, आत हॉल. सुमारे ६०० गादीच्या स्टीलच्या खुर्च्या आणि त्यांवर सॅटिनची कव्हरे घ्यायची आहेत. सध्या स्टेजजवळ कोल्ड पायरो लावतात, त्याने काही होत नाही असे डेकोरेशनवाले सांगतात.
— बायपासजवळून

उत्तर : ‘कोल्ड’ हे नाव मनातून काढून टाका. त्या यंत्रातून उडतात त्या धातूच्या भुकटीच्या जळत्या ठिणग्या असतात. हात लावला तर लगेच भाजत नाही म्हणून लोक त्याला थंड समजतात, पण भुकटी गोळा होऊन पडली, यंत्र तिरके झाले किंवा कापड नोझलवर झुकले की ते पेटते. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीचा ध्वनिरोधक फोम पेटला आणि १०० जण गेले. तो फोम आणि खुर्चीतला साधा फोम एकाच जातीचे. हॉलमध्ये हा प्रकार बंदच ठेवा आणि तसे बुकिंगच्या करारात लिहा, म्हणजे ऐनवेळी मुलीच्या वडिलांशी वाद घालावा लागत नाही. लॉनवर लावायचेच असेल तर पहिली रांग, मांडवाचे कापड आणि फुलांची कमान लांब असू द्या, आणि यंत्राशेजारी विझवण्याचे साधन घेतलेला माणूस उभा करा.

सॅटिनची कव्हरे पॉलिस्टरची असतात. ती ठिणगीने भोक पडून वितळतात, तो वितळलेला गोळा गादीवर किंवा मांडीवर चिकटतो. त्याहून वाईट म्हणजे मागची लांब बो. तिची टोके जमिनीवर लोळतात, पळताना पायात अडकतात आणि खुर्ची ओढून पाडतात. कव्हर हवेच असेल तर पायापर्यंत न येणारे, बिनबोचे आणि ज्वालारोधक धाग्याचे घ्या. कापडातच तो गुण असलेला धागा आणि वरून औषध मारलेले कापड यांत फरक आहे. वरून मारलेले औषध धुलाईत जाते, आणि लग्नसराईत कव्हरे आठवड्याला धुतली जातात.

सुट्या खुर्च्यांचा दुसरा धोका आडव्या पडण्याचा. समारंभात रांगा लावाल तेव्हा किमान चार-चार खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, बाराहून अधिक नकोत. खुर्ची घेतानाच बाजूला जोडहूक असलेली घ्या. सुटी खुर्ची एक पडली की मागचा तिच्यावर पडतो आणि वाट बंद होते. जोडलेली रांग सहसा पडत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये, जिथे खुर्च्या जोडता येत नाहीत, तिथे एका खुर्चीमागे १.४ चौरस मीटर जागा धरा. २८० चौरस मीटरच्या हॉलमध्ये २०० खुर्च्या झाल्या. राहिलेल्या ४०० लॉनवर.

आणि उरलेल्या खुर्च्यांची थप्पी जिन्याखाली, जनरेटरच्या खोलीत किंवा विजेच्या पॅनलपुढे लावू नका. रचलेल्या खुर्च्यांमधल्या उभ्या फटी धुराड्यासारख्या ओढ देतात, त्यामुळे थप्पी एकट्या खुर्चीपेक्षा कितीतरी जोरात जळते.

प्रश्न : गणपतीच्या दहा दिवसांसाठी टेंट हाऊसमधून ३०० प्लास्टिक खुर्च्या आणतो. यात पाहण्यासारखे काय आहे?
— सुदामा नगर

उत्तर : भाड्याच्या खुर्चीचे साहित्य तुम्ही बदलू शकत नाही, मांडणी पूर्ण तुमच्या हातात आहे. ही खुर्ची पॉलिप्रोपिलीनची असते. १६० अंशांच्या आसपास ती वितळते, मग जळते थेंब गाळत पेटते, आणि ते थेंब खालच्या सतरंजीला लावतात. हरियाणातल्या डबवाली गावात २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या समारंभात मांडवाला आग लागून चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक मुले होती. कृत्रिम धाग्याचे छत जळत खाली आले आणि बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. मंडप आणि खुर्च्या या गोष्टी म्हणूनच एकत्र बघायला हव्यात.

छत सुती किंवा ज्वालारोधक कापडाचे मागा. मूर्तीपुढे आरती, कापूर, समई असते. तिथून पहिली रांग तीन मीटर मागे ठेवा आणि बाजूला झुलणारे कापड नको. मधली वाट दीड मीटरची, आणि ती शेवटपर्यंत सरळ मोकळ्या रस्त्यावर निघावी. बऱ्याच मंडपांत मागे चपला आणि प्रसादाचे टेबल याच वाटेवर असते. किमान दोन वाटा विरुद्ध दिशांना ठेवा. पडद्याने झाकलेली वाट ही वाट नव्हे. खुर्च्या जोडायला मागच्या पायांमागून बांबूची पातळ पट्टी घालून सुतळीने बांधा, आठ-आठच्या गटात. पट्टीची टोके वाटेत येऊ देऊ नका. पाय मोडलेली, चिकटपट्टी लावलेली खुर्ची टेम्पोतून उतरवतानाच परत करा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहायला रात्रभर माणसे बाहेर असतात, तेव्हा रिकाम्या मंडपातल्या खुर्च्यांजवळ कोणी तरी जागे असू द्या.

प्रश्न : आमच्याकडे शास्त्रीय गायनाच्या बैठका होतात. गाद्या, लोड, तक्के सगळे रुईचे. फोम नाही म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. ते बरोबर आहे ना?
— स्नेहलतागंज

उत्तर : अर्धे बरोबर आहे. रुई फोमसारखी धावत पेटत नाही. ती आतून धुमसते. उदबत्तीचा निखारा गादीच्या शिवणीत पडला तर वर फक्त तांबूस डाग दिसतो आणि निखारा तासन्‌तास आत सरकत राहतो. मैफल रात्री संपते, कुलूप लागते आणि पहाटे खोली धुराने भरते. म्हणून उदबत्ती पितळी घरात, पाण्याच्या ताटलीत आणि गाद्यांपासून दूर ठेवा. तंबोऱ्याजवळची जागा तिच्यासाठी नाही. गादीवर ठिणगी पडली तर वरून तांब्याभर पाणी ओतून थांबू नका. गादी अंगणात न्या, उसवा, रुई पसरून भिजवा आणि त्या रात्री आत आणू नका. नवीन गाद्या भरून घेताना पिंजाऱ्याला रुईच्या वजनाच्या दहा टक्के बोरिक ॲसिडची बारीक पूड मिसळायला सांगता येते, धुमसणे त्याने रोखले जाते. पूड मिसळताना नाका-तोंडाला फडके बांधावे, आणि अशी गादी लहान मुलांना झोपायला देऊ नये.

प्रश्न : बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या २०० खुर्च्या स्वस्तात मिळत आहेत. घ्याव्यात का?
— एका शाळेचे विश्वस्त

उत्तर : सांगाडे घ्या, गाद्या घेऊ नका. जुना फोम बोटाने चोळला की पिठासारखा झडतो. तो भुगा ताज्या फोमपेक्षा लवकर पेटतो आणि त्याचा अहवाल तुम्हाला कोणीही देऊ शकणार नाही. जुन्या गादीवरच नवे कापड चढवून देतो असे कारागीर सांगतील, तेही नको. ओतीव लोखंडाचे पाय आणि प्लायची पाठ चांगली असेल तर सीट आणि पाठीच्या गाद्या पहिल्या उत्तरात दिलेल्या अटींवर नव्याने करून घ्या. बिजागरी आणि वजनाचा तोल तपासा. दहापैकी दोन सीटसुद्धा आपोआप उभ्या राहत नसतील तर सगळ्या बिजागऱ्या बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. खुर्च्यांच्या हातांत किंवा पायांत जुन्या पायदिव्यांच्या वायरी असतील तर त्या पूर्ण काढून टाका. आवरण तडकलेली वायर आणि फोमचा भुगा एकत्र राहता कामा नये.

प्रश्न : खुर्च्या चांगल्या घेतल्या, अहवालही आहेत. आता रोजच्या रोज काय पाहायचे?
— सभागृहाचे व्यवस्थापक, जेल रोड

उत्तर : कार्यक्रम संपल्यावर दिवे पूर्ण लावून दोन माणसांनी एकेक बाजू घ्यावी आणि प्रत्येक रांगेतून चालत जावे. सीट आणि पाठ यांच्या फटीत हात घालून कागद, वेष्टन, तिकिटे काढावीत. ती फट म्हणजे क्रिब ठेवतात तोच कोपरा. त्यानंतर लगेच कुलूप न लावता अर्ध्या तासाने पुन्हा एक फेरी मारावी, या वेळी नाकाने. धुमसणारे दिसण्याआधी वासाने कळते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, जीवितहानी झाली नाही, पण वास्तूचा आतला भाग गेला. आग खेळ चालू असतानाच लागते असे नाही.

गाद्या साफ करणाऱ्याला कापडाची माहिती आधी द्या. वरून ज्वालारोधक थर दिलेले कापड शांपूने आणि गरम पाण्याने धुतले की तो थर निघून जातो. अशा कापडाला कोरडा व्हॅक्यूम आणि पुरवठादाराने लेखी सांगितलेलेच द्रावण वापरा. फाटलेल्या सीटवर घरच्या कापडाचे ठिगळ लावू नका; ऑर्डरच्या वेळीच त्याच तागाचे वीस-पंचवीस मीटर कापड आणि शंभरात दोन या हिशेबाने जादा गाद्या घेऊन ठेवा. पाच वर्षांनी तोच माल मिळत नाही.

विझवण्यासाठी खुर्च्यांजवळ ९ लिटरचे पाण्याचे किंवा आग विझवणाऱ्या फेसाचे सिलिंडर ठेवा. कोणत्याही खुर्चीपासून १५ मीटरच्या आत एक तरी हवे. कोरड्या पावडरचे सिलिंडर ज्वाला मारते, पण गादीच्या आतला निखारा गार होत नाही आणि काही मिनिटांनी ती परत पेटते. विजेच्या पॅनलसाठी कार्बन डायऑक्साइडचे वेगळे. पेटलेली गादी विझल्यासारखी वाटली तरी स्पॅनरने खुर्चीपासून सोडवून बाहेर न्या, उभी कापा आणि पाणी आतपर्यंत जिरेल अशी भिजवा. तो स्पॅनर आणि एक कटर सिलिंडरच्या शेजारीच खुंटीला अडकवलेला असू द्या.